आकडे झाकणाऱ्या बाई

कडावहून पुढं पाऊण तास चाललं की आमची बेहेडवाडी लागते. तेव्हा पंचवीस-तीस घरं होती, एक विहीर, आणि मारुतीच्या देवळाला लागून कौलारू शाळा. शाळा म्हणजे एक खोली. तिच्यात पहिली ते चौथी, आणि चारी इयत्तांना मिळून एकच शिक्षक. १९६० साली मी पहिलीत बसले त्याच वर्षी जुन्या गुरुजींची बदली झाली आणि त्यांच्या जागी आसियाबाई आल्या.

गावानं तोवर बाई शिक्षक पाहिली नव्हती. त्यातून ही मुसलमानाची. चप्पल हातात, साडी घोट्याच्या वर खोचलेली, खांद्याला कापडी पिशवी, अशा त्या बांधावरून चालत आल्या तेव्हा लावणीच्या बायका कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. माझ्या आईनं, गौराबाईनं, त्यांना पहिल्या दिवशी पाणी दिलं ते ओंजळीत वरून ओतून. दुसऱ्या वर्षी बाई आमच्या चुलीपुढं बसून तांदळाची भाकरी खात होत्या. मधे काय बदललं ते कुणी ठरवून बदललं नव्हतं. त्या रोज येत होत्या, एवढंच.

बाई मूळच्या चौकच्या. त्यांचे वडील सुलेमान मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रकची टायरं दुरुस्त करायचे. वाचता-लिहिता येत नव्हतं, पण कुठलं टायर किती मैल चाललं आणि अजून किती चालेल हे ते हात फिरवून सांगत. एवढ्या हुशार माणसाची मुलगी १९५२ साली सातवीच्या फायनलला गणितात नापास झाली. बाईंनी स्वतः आम्हाला हे सांगितलं होतं, आणि तेही वर्गात, फळ्यासमोर उभं राहून. नुसती वजाबाकी घातली तर बाई चुकायच्या नाहीत. पण तीच वजाबाकी शब्दांत लिहून आली, दोन ओळींची गोष्ट झाली, की त्या घाबरायच्या, समोर दिसतील ते आकडे घ्यायच्या आणि काहीतरी करून टाकायच्या.

निकालाच्या दिवशी वडील रागावले नाहीत. प्रश्नपत्रिका घेऊन ये म्हणाले. मग टायरच्या ढिगावर बसून त्यांनी मुलीला एकेक उदाहरण मोठ्यानं वाचायला लावलं. वाचून झालं की म्हणायचे, "आकडे राहू दे. झालं काय, ते सांग." बाई आकडे सांगू लागल्या की ते हात वर करून थांबवायचे. कोण होतं, त्याच्याकडे काय होतं, त्याचं पुढं काय झालं, एवढंच त्यांना ऐकायचं असायचं. ते सांगून झालं की करायचं काय हे बाईंना आपोआप दिसायचं. पुढच्या वर्षी त्या पास झाल्या. दोन वर्षांचं ट्रेनिंग झालं, नोकरी लागली, लग्न होऊन त्या कर्जतला आल्या. त्यांचे यजमान महंमदभाई रेल्वेत होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिन लावतात, त्या कामावर.

आमच्या शाळेत आल्यावर बाईंना जे दिसलं ते त्यांच्या ओळखीचं होतं. मोठ्या मुलांना हातचे घेऊन वजाबाक्या यायच्या. जुन्या गुरुजींनी त्या छडीच्या धाकानं पक्क्या करून घेतल्या होत्या. शाब्दिक उदाहरणांसाठी त्यांनी मुलांना एक खूण दिली होती, ती मोठ्यांकडून आम्हा लहानांपर्यंतही आली होती. 'एकूण' दिसलं की बेरीज. 'जास्त' दिसलं की बेरीज. 'उरले' दिसलं की वजाबाकी. आम्ही गोष्ट वाचतच नव्हतो. तांदळातले खडे शोधावेत तसा तेवढा शब्द शोधायचो. आणि शब्द सापडला नाही की सगळा वर्ग एका सुरात विचारायचा, "बाई, बेरीज का वजाबाकी?"

मी तिसरीत गेले त्या वर्षी एके दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'एका झाडाचे पंधरा आंबे काढले. झाडावर वीस उरले. आधी झाडावर किती होते?' मला 'उरले' दिसलं. विसातून पंधरा गेले, पाच. मी सगळ्यांच्या आधी पाटी वर केली. सगळ्या वर्गाचे पाचच होते.

बाईंनी माझी पाटी हातात घेतली, खिडकीबाहेर शाळेमागच्या आंब्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "जया, वीस आंबे अजून झाडावर दिसतायत. पंधरा खाली टोपलीत आहेत. आणि आधी झाडाला पाचच लागले होते?"

आधी माझ्या शेजारचा कान्हा हसला, मग सगळेच. मीही हसले, कारण बाई हसत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून मूठभर चिंचोके आणले आणि प्रत्येकाला चार-चार वाटले. उदाहरण पाटीवर उतरवायचं आणि जिथं जिथं आकडा असेल तिथं चिंचोका ठेवायचा. आकडा दिसता कामा नये. मग ती गोष्ट शेजाऱ्याला सांगायची. शेजाऱ्याला कळली तरच चिंचोका उचलायचा. पहिले काही दिवस वर्गात नुसता गोंधळ होता. चिंचोके पडायचे, कुणी भाजून खायचं, कुणी गोष्ट सांगता सांगता भलतीकडेच जायचं. गोष्टीतल्या बाईनं अंडी कुणाला दिली, का दिली, तिच्या जावेला का नाही दिली, असं काय काय. बाई त्यांना अडवत नसत. म्हणायच्या, जावेचं राहू दे, अंडी तिच्याकडे जास्त झाली की कमी तेवढं सांग.

'गेले' आणि 'उरले' यांच्या गोष्टी अशा सुटल्या. पण एका प्रकारापुढं बाई स्वतःच अडल्या. नामाकडे बारा चेंडू, बुधाजीकडे सात, तर नामाकडे किती जास्त? यात कुणी काही घेत नाही, देत नाही, हरवत नाही. दोघं आपापले चेंडू घेऊन उभे आहेत. मग वजाबाकी कशाची करायची? हे कान्हानंच विचारलं होतं, आणि बाईंना उत्तर देता आलं नाही. त्यांनी तसं सांगितलं. उद्या बघू म्हणाल्या. ते 'उद्या' पुष्कळ दिवस चाललं.

आमच्या वर्गात जनी नावाची एक ठाकराची मुलगी होती. डोंगरावरच्या वाडीतून खाली यायची, दारापाशी बसायची. माझ्यापेक्षा वर्षानं मोठी. दोन वर्षांत ती वर्गात क्वचितच बोलली असेल. तिची बोली वेगळी, आमची पोरं हसायची, म्हणून तिनं बोलणंच सोडलं होतं. पाटी बहुतेक कोरी असायची. तिला काही येत नाही असं आम्ही धरून चाललो होतो आणि मला वाटतं बाईंनीही तसंच धरलं होतं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी बाईंना शाळेतच उशीर झाला आणि कडावहून सुटणारी एसटी चुकणार हे नक्की झालं. दुसरी गाडी यायला वेळ होता म्हणून त्या डोंगराच्या पायथ्याशी कोंडीच्या, म्हणजे जनीच्या आईच्या, खळ्यावर टेकल्या. जनी शेळ्या घेऊन उतरत होती. कुडाला एक फट होती, तिच्यातून शेळ्या एकामागून एक आत आल्या. जनी बाजूला उभी राहून नुसती बघत होती. सगळ्या आत आल्यावर ती पुन्हा डोंगराकडे वळली.

बाईंनी विचारलं, "कुठं निघालीस गं?"

"दोन नाय आल्या. बांडी आनि तिचं पिल्लू."

"मोजल्यास?"

"नाय. समद्यांची आठवन काढली. प्रतेकीची आठवन आली तवा ती फुडं दिसली. ह्या दोगींची आठवन आली पन त्या दिसल्या नायत."

बाई नंतर म्हणायच्या की ते ऐकून त्या तिथंच उभ्या राहिल्या आणि पुढची गाडीही त्यांची चुकली. एका बाजूला मनातल्या शेळ्या, एका बाजूला खळ्यातल्या. एकीला एक लावत जायचं. जिला जोडीदार मिळाली नाही ती वेगळी राहते. ज्या पोरीची पाटी दोन वर्षं कोरी होती, ती रोज संध्याकाळी एक वजाबाकी करत होती, तीही आम्हाला कुणालाच न जमणारी.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला अंगणात काढलं. मुलगे एका रांगेत, मुली समोरच्या रांगेत. समोरच्याचा हात धरा म्हणाल्या. मुली नऊ होत्या, मुलगे चौदा. नऊ जोड्या झाल्या आणि पाच मुलगे हात मोकळे ठेवून उभे राहिले. "ज्यांना हात मिळाला नाही, तेवढे जास्त," बाई म्हणाल्या. "आता जे जोडीत आहेत त्यांनी खाली बसा." नऊ मुलगे बसले. चौदातून नऊ बसले, पाच उभे. कान्हा त्या पाचांत होता. त्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथं उभ्या उभ्या मिळालं. आणि बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे आपण जनीकडून शिकलो. जनीनं तोंडावर पदर नव्हता म्हणून पाटी धरली. पण त्यानंतर तिला हसायचं धाडस कुणी केलं नाही.

त्या वर्षी तपासणीला नवे साहेब आले. तपासणी म्हणजे गावाला लग्नघाई. शाळा शेणानं सारवली, तोरण बांधलं, माझ्या वडलांनी पाटलाकडून खुर्ची आणली. साहेब आत आले तेव्हा तिसरीतली मुलं पाटीवर चिंचोके मांडून एकमेकांना गोष्टी सांगत होती. साहेबांना वाटलं, पोरं खेळतायत. त्यांनी पुस्तक किती शिकवून झालं ते पाहिलं. आम्ही पुष्कळ मागे होतो. मग ते उठून फळ्यापाशी गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं:

'नागूच्या बागेत ३४ झाडे आहेत. ती हिरूच्या बागेतील झाडांपेक्षा ९ ने जास्त आहेत. तर हिरूच्या बागेत किती झाडे?'

आता कळतं की ते फसवं उदाहरण होतं. 'जास्त' दिसलं की मोठी माणसंही मिळवून मोकळी होतात. मी चिंचोके ठेवायचं विसरले, पटकन ४३ लिहिलं आणि पाटी उलटी धरली. बरीच मुलं पाटीवर वाकून कुजबुजत होती. जनीची पाटी आधी वर आली. २५.

साहेबांनी तिला उभं केलं. ३४ आणि ९, 'जास्त' लिहिलंय, मग मिळवलं का नाहीस, म्हणून विचारलं. बाई पुढं झाल्या नाहीत, काही सुचवलंही नाही. मी पाहिलं, त्यांनी साडीचा पदर मुठीत घट्ट धरला होता.

मग जनी बोलली, तिच्याच बोलीत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जास्त हायत ती नागूची. हिरूची कमी. नागूची नऊ झाडां येकली रायली, त्यांना जोडी नाय. ती काडून टाकली. मंग जी रायली तेवडीच हिरूची."

साहेबांनी जनीला पुन्हा एकदा तेच सांगायला लावलं, आणि ती सांगत असताना खिशातली वही काढून काहीतरी टिपून घेतलं. जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'वर्गात गोंगाट फार. अभ्यासक्रम मागे. वजाबाकी उत्तम.' पहिल्या दोन वाक्यांनी बाईंना वाईट वाटलं. तिसरं त्यांनी महंमदभाईंना दाखवायला कागदावर उतरवून नेलं.

तीन महिन्यांनी कर्जतला तालुक्यातल्या शिक्षकांची सभा होती. साहेबांनी निरोप धाडला की बाईंनी आपली रीत तिथं करून दाखवावी. बाईंना भाषण करायचं म्हणजे काटा यायचा. त्या सभेत काय झालं ते मला विमलबाईंकडून कळलं. विमलबाई तेव्हा तिथं होत्या, आणि पुढं मी लग्न होऊन खालापूरला गेले तेव्हा त्या तिथल्या शाळेत होत्या. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला सांगता येत नाही, आपण करूनच बघू. गुरुजी एका रांगेत, बाया एका रांगेत. पुरुष शिक्षक किती जास्त? मागून कुणीतरी म्हणालं, एकोणतीस वजा अकरा, अठरा. बाई म्हणाल्या, ते मलाही येतं, पण तिसरीतल्या मुलाला दिसेल असं दाखवा. समोरच्याचा हात धरा.

कुणी हलेना. त्रेसष्ट साल होतं. धोतर-टोपीतले गुरुजी जमिनीकडे बघत होते, बाया एकमेकींकडे. आसियाबाईंच्या तेव्हा लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो, आणि त्यांचा चेहरा उतरला. मग विमलबाईंनी कमरेचा रुमाल काढला, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं समोरच्या पांढऱ्या मिशांच्या गुरुजींपुढं केलं. त्यांनी ते अगदी अदबीनं धरलं. मग बाकीचे रुमाल निघाले, एकानं उपरणं काढलं. अकरा रुमाल ताणले गेले आणि अठरा गुरुजी हात कुठं ठेवावेत ते न कळून उभे राहिले. विमलबाई म्हणायच्या, एवढी हसलेली सभा त्यांनी नंतर पाहिली नाही. आणि पुढच्या वर्षी दहा-बारा शाळांच्या अंगणात पोरं हात धरून उभी होती.

आमची चौथी झाली. पाचवीला कडावच्या शाळेत जायचं. आम्ही सात जण जाणार होतो, जनीचं नाव त्यात नव्हतं. बाई डोंगर चढून कोंडीच्या घरी गेल्या. कोंडीनं त्यांना कोरा चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाय, तुमी बोलता ते समदं खरं. पन हिचा बाप नाय. ही गेली तर शेल्या कोन नेल?" बाईंनी दोनदा सांगून पाहिलं, शेजाऱ्यांशी पाळी लावून पाहिली. जमलं नाही. खाली उतरल्यावर त्या आमच्या ओटीवर बसल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, गौराबाई.

पण त्यांनी ते तिथं सोडलं नाही. शनिवारी सकाळची शाळा असायची. शनिवारी दुपारी बाई कर्जतला न जाता डोंगराच्या पायथ्याला जाऊ लागल्या. जनी शेळ्या चारायची आणि बाई पळसाखाली बसून तिला पाचवीचं, मग सहावीचं, सातवीचं शिकवायच्या. शेळी कुणाच्या शेतात घुसली की धडा थांबायचा. कधी कधी शेळी वळवायला बाईच धावायच्या. महंमदभाईंना आधी हे पसंत नव्हतं. त्यांची आठवड्यातली एक दुपार त्यामुळं जायची. मग तेच सायकल घेऊन कडावपर्यंत येऊ लागले, नाक्यावर बाईंची वाट बघत बसू लागले. असं तीन वर्षं चाललं. सदुसष्ट साली जनी बाहेरून सातवीच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. कोंडीनं बाईंना टोपलीभर करवंदं आणून दिली.

जनीला पुढं कर्जतकडे भाताच्या नव्या जाती लावून बघायच्या शेतावर काम मिळालं. तिथं एकेका वाफ्यातली रोपं मोजायची असतात, किती जगली, किती गेली. साहेब लोक तिची मोजणी पुन्हा तपासत नाहीत, असं तिनंच मला एकदा बाजारात सांगितलं. सांगताना तिनं तोंडावर हात घेतला, पण डोळे हसत होते.

बाईंची एकाहत्तर साली कर्जतच्या शाळेत बदली झाली. आमच्या वाडीनं त्यांना साडी-चोळी दिली. ओटी माझ्या आईनं भरली. मुसलमान बाईची ओटी भरावी की नाही असं कुणीतरी म्हणालं, तर आई म्हणाली, भरली आता.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात मी माझ्या मुलीला घेऊन बाईंकडे गेले होते. बाईंच्या केसांत पांढरं आलं होतं, गुडघे दुखत होते, नोकरी अजून दहा वर्षं होती. महंमदभाई निवृत्त होऊन अंगणात वांगी लावत होते. बाई म्हणाल्या, वजाबाकीचं आता काही वाटत नाही, पण भागाकारात बाकी उरते ना, तिचं काय करायचं हे मला अजून मुलांना नीट सांगता येत नाही. पुस्तकात बाकी एक असं लिहून टाकतात आणि गप्प बसतात.

मग त्यांनी माझ्या मुलीला जवळ घेतलं. ती तेव्हा तिसरी होऊन चौथीत जाणार होती. पंचवीस मुलं सहलीला निघाली, एका टांग्यात सहा मुलं बसतात, तर टांगे किती लागतील, असं विचारलं. मुलीनं डोळे मिटून विचार केला. मला वाटलं, आता पाच म्हणेल नाहीतर चार बाकी एक.

"चार टांगे," ती म्हणाली, "आणि एक मूल मांडीवर."

बाईंनी बाहेर महंमदभाईंना हाक मारून ते उत्तर सांगितलं, पुन्हा आत वळल्या, आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून घेत अगदी मनापासून विचारलं, "कुणाच्या मांडीवर गं?"

माझी मुलगी पुन्हा विचार करायला लागली.